नाक्यावरचा बादशा

गुंजवणे, ९ फेब्रुवारी १९४७

आज घरी संकट आलं. पायात बूट, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. बायकोचे, म्हणजे आमच्या रतनचे, मानसिंगमामा. चौदाव्या वर्षी घरातून पळून मुंबई गाठली, तीस-पस्तीस वर्षं आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकला, आणि आता भाचीकडे आलेत. "चार दिस ऱ्हातो," म्हणाले. पिशवीचं वजन बघता चार दिवसांचं लक्षण दिसत नाही.

जेवताना मी सहज विचारलं, "मामा, तुम्ही काँग्रेसवाले की कम्युनिस्ट?" मी इथल्या शाळेचा एकटा मास्तर. शिवाय मावळ प्रजा समितीचा चिटणीस, पण ते शाळाखात्याला ठाऊक नाही, फक्त या वहीला. तेव्हा घरात कोण जेवतंय ते माहीत असलेलं बरं.

मामा म्हणाले, "म्या अराजकवादी हाय, जावईबापू."

घास तसाच ताटात ठेवला. हात धुऊन आधी कोश काढला. अराजक म्हणजे अंदाधुंदी, बेबंदशाही. रतनला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की तुझा मामा बेबंदशाही आणायला निघालाय. ती म्हणाली, "आनंनात का. आदी दोन घागरी पानी आना म्हनावं."

मामांनी चार आणल्या. जाता जाता शेजारच्या साळूबाईचीही एक भरून दिली.

१२ फेब्रुवारी

वरच्या धनगरवाड्यावरची सारजाबाई आली, ती वाटेपासूनच ओरडत. झालं असं की ती शेळ्या आणि बोकड घेऊन खिंडीपलीकडच्या बाजाराला गेली होती. भाव पडलेला, एकही शेळी विकली नाही, म्हणून सगळी परत हाकत आणली. पिंपळखिंडीत जकातीचा नाका. नाकेदार नाथाजी म्हणाला, जाताना दिलीस ती नेल्याची जकात, आता आणल्याची दे. ही म्हणाली, माझीच जनावरं माझ्याच घरी न्यायला कसली जकात? शब्दाला शब्द लागला आणि नाथाजीने बोकड बांधून घेतला.

बोकडाचं नाव बादशा. वाड्यावर तीन घरं, तीस-पस्तीस शेळ्या, आणि त्यांच्यात बादशा एकटाच. "आकाड-सरावनात शेरडं माजावर येत्यात," सारजाबाई म्हणाली, "तवर बादशा घरी न्हाई आला तर औंदा एक बी करडू व्हनार न्हाई. मग आमी काय दगुड खायाचं?"

मामा ओट्यावर दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "उद्याच जाऊ की. वाड्यावरली समदी शेरडं, समदी मानसं, हितली बी चार घरं. नाक्यावर बसू, तितंच चूल मांडू. नाकेदार किती दिस लेंड्या तुडवंल? सोडतोय गप बोकड."

"ह्ये पाव्हनं कोन?" सारजाबाईने मला विचारलं.

"अराजकवादी," मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो.

"जकातवादी?"

"अहो, अराजक..."

"म्हंजी जकात काढून टाकनारं!" असं म्हणून ती मामांच्या पाया पडायलाच निघाली. मामांना हसू आवरेना. म्हणाले, "व्हय म्हना, बाई. सुरवात तितनंच करू."

मी दोघांना गप्प केलं. नाक्यावर दंगा झाला तर पोलीस येतील, समितीचं नाव खराब होईल, शिस्त म्हणून काही चीज आहे की नाही? स्वराज्य दाराशी येऊन ठेपलंय. आपलं राज्य आलं की नाक्यावरून पहिला बादशा सुटेल. आत्ता मी रीतसर अर्ज लिहितो.

सारजाबाई म्हणाली, लिहून द्या. दिलं. शाळेच्या कागदावर, शिक्का मारून: 'स्वराज्याच्या दिवशी बादशा परत मिळेल.' तिने कागद उलटा धरून बराच वेळ बघितला, कनवटीला लावला आणि विचारलं, "मास्तर, शेरडास्नी कळतंय व्हय, सवराज कवा हाय त्ये?"

बाईमाणूस, रागात होती.

२ मार्च

अर्ज घेऊन नाक्यावर गेलो. नाथाजीने चहा पाजला, अर्ज वाचला, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि "वर पाठवतो" म्हणाला. माणूस वाटला तितका वाईट नाही.

मागे आंब्याला बादशा बांधलेला. हे थोरलं धूड, काळाभोर, पिळदार शिंगांचा, दाढीवाला, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी. नाथाजी सांगत होता, लिलाव दोनदा पुकारला, वासाला भिऊन कुणी पुढे येत नाही. वर मेल्याने मागच्या महिन्याचं अर्धं जकातबुक खाल्लं. घरी मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "बगा! आपल्या समद्यांत कामाचा गडी त्योच."

मी त्याला गोंजारून पाठ वळवली तर त्याने मला अशी ढुशी दिली की हे पालथा पडूनच लिहितोय.

२३ मार्च

मामा काही जात नाहीत. आता तर गावाला त्यांच्याशिवाय करमत नाही. कुणाचं जोतं दुरुस्त करतात, कुणाच्या विहिरीला रहाटाचा दोर. पैसे घेत नाहीत, भाकरी घेतात.

आज पाटाच्या कडेला बसून माझी आणि त्यांची जुंपली. मी म्हणालो, मामा, तुम्हाला इंग्रज जावा असं वाटत नाही का? ते एकदम उसळले. म्हणाले, "माज्या पाठीवर गोऱ्या इंजनेराच्या पट्ट्याचं वळ हायेत, दावू? गोऱ्याला हाकलायचाच. पन खुर्ची हाय तितंच ठिवली, तर कुनीतरी जाऊन बसनारच की तिच्यात."

"आपला माणूस बसेल."

"खुर्चीत बसला की त्यो खुर्चीचा हुतोय."

मग त्यांनी एका परदेशी बंदरातल्या संपाची हकिगत सांगितली. भट्टीवाले पाच देशांचे, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. तोंडावर कोळसा, त्यामुळे कोण कुठला ते ओळखूही येईना. अकरा दिवस बोट हलू दिली नाही. पुढारी कोण होता, मी विचारलं. "ज्येची पाळी आसंल त्यो," म्हणाले.

मी म्हणालो, सरकारच नसेल तर शाळा कोण चालवणार, माझा पगार कोण देणार, लोक एकमेकांच्या उरावर नाही का बसणार? मामांनी पाटाकडे बोट दाखवलं. "ह्ये पानी बावीस घरास्नी पुरतंय. आज साळूबाईचं, उद्या बाळाबाईचं. कारकून कुठं हाय?"

"पण याला काय राज्य म्हणतात का मामा?"

"न्हाई म्हनत. म्हनून तर चालतंय."

बोलण्यात मामा कुणाला ऐकायचे नाहीत. तरी मुद्दा बिनबुडाचा आहे. पाट वेगळा, देश वेगळा.

७ जून

तारीख ठरली! पंधरा ऑगस्ट! वरव्याहून रखमाजीरावांनी, म्हणजे आमच्या समितीच्या अध्यक्षांनी, खास माणूस पाठवून वर्तमानपत्र दिलं. शाळेतली पोरं सोडून दिली आणि तसाच धावत वाड्यावर गेलो. चढताना दोनदा घसरलो.

सारजाबाईने विचारलं, "पंदरा आगस्ट म्हंजी आकाड का सरावन?"

मी पंचांग बघितलं होतं. "अधिक श्रावण."

ती बोटांवर मोजत राहिली. म्हणाली, "उशीरच हाय. पन बगू, निज सरावनात तरी साधंल. तुमी म्हनताय म्हून थांबते."

खाली आलो तर मामा पुन्हा तेच. "जावईबापू, अजून बी सांगतो, नाक्यावर जाऊ आन बोकड आनू." मी म्हणालो, इतके महिने थांबलो, आता दोन महिन्यांसाठी कशाला घाण करायची? रखमाजीरावांचंही हेच मत. ते म्हणतात, प्रश्न देशाचा आहे, शेरडाचा नाही. रतन भाकरी थापत होती, तिथून म्हणाली, "सारजाबाईला इचारा, तिचा देस केवडा हाय त्ये."

६ जुलै

माझी फजिती लिहून ठेवायला हवी. भाताच्या लावण्या चालू आहेत. इथे सावड असते, सगळ्यांनी मिळून आज याचं खाचर लावायचं, उद्या त्याचं. म्हटलं, स्वराज्याची सवय होऊ दे. मी एक तक्ता केला. वार, घर, माणसं, वर एक लावणी-अध्यक्ष. शाळेच्या दाराला चिकटवला. परवा सगळी माणसं तक्त्याप्रमाणे बाळाबाईच्या खाचरात गेली, तिचा तरवा, म्हणजे लावायचं रोप, अजून वीतभरही नव्हता. आणि साळूबाईचा तरवा चांगला तयार, तो तिकडे पिवळा पडत होता. कुणाचं रोप कधी तयार होतं ते तक्त्याला कळत नाही, ते बांधावरून जाता येता बायकांना दिसतं. साळूबाईने मला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तक्ता काढला. दोन दिवसांत सगळं सुरळीत. लोक अजून अडाणी आहेत, दुसरं काय.

१३ जुलै, वरवे बुद्रुक

काय दिवस! समितीची सभा रखमाजीरावांच्या घरी. आणि आश्चर्य म्हणजे नाकेदार नाथाजी पांढरी टोपी घालून हजर. उभे राहून म्हणाले, "अंगावर चाकरी होती, पण मनाने मी पहिल्यापासून तुमचाच." टाळ्याच टाळ्या. रखमाजीरावांनी त्यांना लगेच कोषाध्यक्ष केलं. हिशेबाचा माणूस आहे, समितीला कामाला येईल. मला तर भरून आलं. हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच.

आखाड संपत आला, मग महिना-दोन महिने मटण नाही, म्हणून नाथाजीरावांनी समितीला आखाडाचं जेवण दिलं. बोकड त्यांनीच आणला. मटणाला जरा उग्र वास होता आणि चिवटही होतं, सकाळपासून चुलीवर होतं म्हणे. पण भूक आणि उत्साह! मी दोनदा वाढून घेतलं. नाथाजीराव स्वतः वाढत होते. "घ्या मास्तर, लाजू नका, तुमचाही हक्क आहे," म्हणाले. किती साधा माणूस.

रतनसाठी डब्यात घेतलंय.

१४ जुलै

रतनने डबा उघडला आणि लगेच झाकला. म्हणाली, "ह्यो वास शेरडांसाठी राखलेल्या बोकडाचा हाय. कापायला कुनी असला बोकड घेत न्हाई. अहो, कुनाचा व्हता?"

मी थट्टेने म्हणालो, "देशाचा!"

ती हसली नाही. मटण कुत्र्यापुढे ओतलं. मोत्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. इतकं चांगलं मटण! मामांनी रिकामा डबा हुंगला. मग म्हणाले, "जावईबापू, त्याची शिंगं बगितली का?" मी म्हणालो, मी जेवायला गेलो होतो, जनावरं तपासायला नाही.

मामा बूट घालून खिंडीपलीकडे शिवऱ्याला गेले. सारजाबाईचा भाऊ बिरू तिथे असतो, त्याच्याकडे काम आहे म्हणे.

२० जुलै

मामा परत आले. वाटेत वाड्यावर थांबून आले. एवढंच म्हणाले, "पंदरा तारखेला सारजाबाईला नाक्यावर तुमीच न्या. दुसऱ्या कुनी न्हाई. तुमी."

अर्थात मीच नेणार. शब्द मी दिलाय.

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेत झेंडा, पोरांना साखर. मग नाक्यावर. आडव्या बांबूला आंब्याची पानं बांधलेली, वर तिरंगा, सगळं झकास. डोळे भरून आले ते खोटं नाही. माझ्या बापाने हा दिवस बघायला हवा होता.

सारजाबाई वाड्यावरच्या शेळ्या घेऊन आली होती, बादशाला त्यांच्यात घालून न्यायला. कागद तिच्या हातात. मी ऐटीत पुढे झालो. "नाथाजीराव, समितीचा चिटणीस म्हणून सांगतो, बादशाला सोडा."

नाथाजी हसायला लागले. मला बाजूला घेतलं. "मास्तर, काय चेष्टा करता? आखाडात दोनदा वाढून घेतलात की!"

रतन, मोत्या, मामांचा तो शिंगांचा प्रश्न, सगळं एकदम आठवलं. कुत्र्याला कळलं आणि मला कळलं नाही. च्यायला, मी मास्तर!

नाथाजी म्हणत होते, "लिलावात कुणी घेईना, मग समितीच्या कामी लावला. रखमाजीरावांनाही माहीत होतं. एका शेरडापायी आजच्या दिवशी बोभाटा नको." मग मोठ्याने, "बाई, या शेळ्या खिंडीपलीकडे नेणार का? मग नेल्याची जकात पडेल."

"अजून जकात?" मी विचारलं.

"सरकार आपलं झालं म्हणून तिजोरी आपोआप भरते का?"

सारजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "बादशा आजारी आहे. दोन-चार दिवसांनी येईल."

तिने कागद पुन्हा कनवटीला लावला. शेळ्या वळवून निघून गेली.

१६ ऑगस्ट

जेवलो नाही. रखमाजीरावांची चिठ्ठी आली: नाक्यावर समितीचा देखरेख अधिकारी नेमायचा आहे, तुमचं नाव सुचवलं आहे, पगार शाळेपेक्षा चांगला. रतनला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बसा की खुर्चीत. म्या काय तितं डबा घिऊन येनार न्हाई."

१७ ऑगस्ट

वाड्यावर गेलो. सारजाबाई शेळीची धार काढत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बादशा मेला. आखाडात कापला. समितीने खाल्ला. मी पण खाल्ला, दोनदा. आणि परवा तुमच्याशी खोटं बोललो.

तिने धार थांबवली नाही. म्हणाली, "ठावं हाय. मामांनी तवाच सांगितलं."

"मग तुम्ही परवा नाक्यावर कशाला आलात?"

"तुज्या तोंडनं ऐकाया." आजवर ती मला 'तुमी' म्हणायची. "आजारी हाय म्हनालास, तवा लई वाईट वाटलं बग. बादशाचं वाटलं न्हवतं येवडं."

मी खालीच बसलो. रडलो, लपवत नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "चव कशी व्हती?"

"उग्र."

"आसनारच," ती म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "चार वरीस पाळलेला. माज्या आंथरुनाशी निजायचा."

मग डोळे पुसून म्हणाली, "ऊठ आता. बिरूचा बोकड त्याच्या शेरडांतनं मोकळा झालाय, सरावनभर देतोय. शिवऱ्याला जा आन घिऊन ये. आमी समदी खिंडीच्या अलीकडं बसतो."

"नाक्यावर जकात मागतील."

"मागतील तर. काय सांगायचं त्ये तुजं तू बग, मास्तर हायस न्हवं?"

१८ ऑगस्ट

शाळेला सुट्टी दिली. बिरूचा बोकड तांबडा आहे, बादशाएवढा दांडगा नाही, पण खोडकर. शिवऱ्यापासून खिंडीपर्यंत त्याने मला ओढलं की मी त्याला, ते सांगता येणार नाही.

नाथाजी खुर्चीतून उठले नाहीत. "या, या, अधिकारीसाहेब! बोकड? आणल्याची जकात पडेल. तुम्हाला नियम मी काय सांगायचा?"

"देत नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो, "देत नाही."

"मास्तर, सरकार आता आपलं आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग तरी देत नाही. आणि ती तुमची नेमणूकही नको म्हणून कळवा."

त्यांनी जकातबुक उघडलं. नाव काय लिहू, म्हणाले, जसं काही ओळखतच नाहीत. मी सांगितलं, लिहा, ज्ञानू भिमाजी, वरवे बुद्रुक, मास्तर, गुंजवणे शाळा. तेवढ्यात बोकडाने बांबूखालून मुसंडी मारली आणि मी त्याच्यामागे वाकून पलीकडे गेलो.

चौतीस वर्षं मी परक्यांच्या राज्यात काढली. घोषणा दिल्या, अर्ज लिहिले, पण कुणाच्या तोंडावर नाही म्हणालो नव्हतो. पहिलं नाही म्हणालो ते स्वराज्याच्या चौथ्या दिवशी, आपल्याच माणसाला.

पलीकडे तिन्ही घरं बसली होती, चूल पेटलेली, मामा चहा उकळत होते. सारजाबाई उठली. तिने माझ्या हातातून दोर घेतला आणि म्हणाली, "ह्याला तरी खाऊ नगंस."